चावीची जुनी हॉर्नबी गाडी: डागडुजीचा योग्य क्रम

माळ्यावरच्या ट्रंकेतून किंवा जुन्या बाजारातून हॉर्नबीची पत्र्याची गाडी हाती लागली, की बहुतेकजण दोनच गोष्टी करतात. ओल्या फडक्याने ती खसाखसा पुसतात आणि चावी शेवटपर्यंत भरून ती चालते का ते पाहतात. गाडीचे सर्वाधिक नुकसान याच दोन कृतींनी होते, कारण पहिलीने छपाई जाते आणि दुसरीने वाळून घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये अडकलेली चक्रे तुटतात. पत्र्यावरचा मूळ रंग परत आणता येत नाही आणि तुटलेला दात बदलायचा तर दुसरे इंजिन फोडावे लागते. म्हणून या लेखात प्रत्येक काम कोणत्या क्रमाने करावे यावर भर दिला आहे. जे काम उलटवता येते ते आधी करावे आणि जे उलटवता येत नाही ते सर्वांत शेवटी, किंवा मुळीच करू नये.

येथे विचार केला आहे तो लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० पासून बनवलेल्या, ओ गेजच्या म्हणजे ३२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणाऱ्या, चावीच्या गाड्यांचा. इतर कंपन्यांच्या पत्र्याच्या चावीच्या गाड्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

टप्पा १: पैसे देण्यापूर्वी

बाजारात जाताना खिशात तीन वस्तू असाव्यात: छोटे लोहचुंबक, भिंग आणि चौकोनी भोकाची एक चावी. चुंबक पत्र्याला चिकटते, पण पितळेला आणि जस्ताच्या ओतीव भागांना चिकटत नाही. त्यामुळे कोणता भाग कशाचा आहे हे दुकानदाराला न विचारता कळते. भिंगातून रंगाची कड पाहावी. मूळ रंगाचा पापुद्रा जिथे उडालेला असतो तिथे खाली चकचकीत कथिलाचा थर किंवा तपकिरी गंज दिसतो, तर नंतर रंगवलेल्या गाडीत त्या कडेला एका रंगाखाली दुसरा रंग दिसतो. स्क्रूच्या खाचेत आणि पत्र्याच्या दुमडलेल्या कानांवर, म्हणजे भाग एकमेकांत अडकवणाऱ्या छोट्या पट्ट्यांवर, रंग चढलेला असेल, तर कोणीतरी गाडी न खोलताच ब्रश फिरवला आहे, असे निश्चित समजावे.

चावी मात्र दोन वळशांपेक्षा जास्त फिरवू नये. विक्रेता «पूर्ण भरून बघा» म्हणत असेल तरीही नाही.

> तपासा: चावी भरली आणि चाके हलली नाहीत, तर लगेच इंजिन बिघडले असे समजू नये. केबिनमधून बाहेर आलेल्या दांड्यांपैकी एक ब्रेकची असते आणि दुसरी पुढे-मागे जाण्याची. ब्रेक लागलेला असतो म्हणून कित्येक चांगली इंजिने «बंद» ठरवून कवडीमोलाने विकली जातात, आणि ती विकत घेणाऱ्याला हे माहीत असते.

विजेवर चालणाऱ्या जुन्या गाडीबाबत एकच सूचना पुरेशी आहे. हॉर्नबीचे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले विजेचे एक इंजिन घरातल्या वीजपुरवठ्यावर, मध्ये दिवा जोडून, चालत असे. म्हणजे रुळांना हात लावणाऱ्याला थेट झटका बसण्याची सोय होती. अशी गाडी शोभेला ठेवावी, जोडू नये. नंतरच्या ६ व २० व्होल्टच्या इंजिनांनाही नेमका किती व्होल्टचा पुरवठा लागतो याची खात्री झाल्याशिवाय वीज देऊ नये.

टप्पा २: खोलण्यापूर्वीची नोंद

गाडी घरी आली की पहिला आठवडाभर तिला काहीही करू नये, फक्त फोटो काढावेत. चारही बाजू, पोट, केबिनच्या आतली बाजू, दोन्ही बाजूंचे दांडे कोणत्या कोनात आहेत, कोणता कान कोणत्या दिशेला दुमडला आहे, हे सगळे दिवसाच्या उजेडात टिपावे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना चाकांवर दांडे धरणाऱ्या खिळ्यांची परस्परस्थिती विशेष जपून टिपावी, कारण पुढे चाक बदलण्याची वेळ आली तर तीच एकमेव साक्ष उरते.

याच वेळी एक महत्त्वाचा निर्णय करून टाकावा: गाडी छापील पत्र्याची आहे की एनॅमल रंगाची. छापील पत्र्यावर रेषा, रिव्हेट आणि अक्षरे सारे पत्र्यातच एकसपाट असते. बोटाने काहीही उचललेले लागत नाही. एनॅमल रंगाच्या गाडीवर अक्षरे आणि चिन्हे स्वतंत्र ट्रान्सफरने, म्हणजे कागदावरून उतरवलेल्या छापाने, चिकटवलेली असतात आणि तिरप्या उजेडात त्यांची कड दिसते. हॉर्नबीच्या स्वस्त एम मालिकेत पहिला प्रकार अधिक आढळतो आणि महागड्या इंजिनांत व डब्यांत दुसरा. या दोहोंची सफाई वेगळी आहे, ती टप्पा ६ मध्ये येईल.

टप्पा ३: चाकांची तपासणी

बहुतेक मार्गदर्शक लेखांत चाके शेवटी येतात. माझ्या मते ती सर्वांत आधी यायला हवीत, कारण चाकेच गेलेली असतील तर बाकीच्या कामाचे गणित बदलते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांची चाके जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली आहेत. ओतताना त्या धातूत शिशासारखी भेसळ अगदी थोडी जरी राहिली, तरी दमट हवेत धातूच्या कणाकणांच्या सीमांवरून आतून झीज सुरू होते. चाक फुगते, त्यावर केसासारख्या भेगा दिसतात आणि शेवटी ते हातात तुकड्यांनी येते. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. कीड हा शब्द फसवा आहे, कारण ती एका चाकावरून शेजारच्या चाकाला लागत नाही. दोष त्या चाकात ओतल्या दिवसापासून असतो.

भिंग घेऊन प्रत्येक चाकाचा चेहरा, आरे आणि मधला भोकाभोवतीचा भाग पाहावा. नंतर चाकाची मागची बाजू आणि इंजिनाची चौकट यांत कागद सरकवून पाहावा. एका चाकामागे तो सहज जात असेल आणि दुसऱ्यामागे अडकत असेल, तर ते दुसरे चाक फुगलेले आहे.

> सावधान: भेगा पडलेले चाक पेचकसाने उचकटून काढू नये आणि त्यात झटपट चिकटणारा डिंक ओतू नये. डिंक भेग भरतो पण आतली झीज थांबवत नाही, आणि पुढे चाक काढताना तो अक्षालाही धरून बसतो.

अशी चाके दुरुस्त होत नाहीत, बदलावीच लागतात. नव्याने ओतलेली चाके ब्रिटनमधले सुट्या भागांचे विक्रेते टपालाने पाठवतात. ती हाती येईपर्यंत जुनी चाके काढू नयेत. काढताना चाक खेचण्याचे छोटे साधन वापरावे, आणि जुने तुकडे डबीत जपून ठेवावेत, कारण नव्या चाकाचा व्यास आणि आऱ्यांची संख्या त्यांवरूनच जुळवायची असते.

टप्पा ४: स्प्रिंग उतरवणे

या टप्प्यावर घाई केली तर रक्त निघते. हॉर्नबीच्या यंत्रातली स्प्रिंग घड्याळासारखी डबीत बंद नसते. ती दोन पत्र्यांमध्ये उघडी असते. तिचे एक टोक खांबाला आणि दुसरे चावीच्या दांड्याला अडकवलेले असते. भरलेल्या स्थितीत पत्रे सैल केले, तर पोलादी पट्टी एका क्षणात उसळते आणि तिची कड पात्यासारखी धारदार असते. ज्या अंगठ्याने मी हे लिहितो आहे, त्यावरचा पांढरा वण त्याचीच आठवण आहे.

१. बॉडी चौकटीवरून सुटी करावी. ती काही इंजिनांत स्क्रूंनी, तर काहींत कानांनी धरलेली असते. स्क्रू अडला असेल तर त्यावर तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर थांबावे. जोर लावू नये, कारण खाच झिजली की स्क्रू कायमचा गेला.

२. चाके मोकळी फिरत असतील तर इंजिन हातात धरावे, ब्रेक सोडावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाकाला हलका अटकाव करत स्प्रिंग पूर्ण रिकामी होऊ द्यावी. अटकाव न करता सोडली तर चक्रे भरधाव फिरतात आणि कोरड्या अक्षांवर ओरखडे पडतात.

३. चाके अडकलेली असतील तर चामड्याचा हातमोजा घालून चावी घट्ट धरावी, चावीच्या दिशेला किंचित ताण देऊन रॅचेटची, म्हणजे चावीला उलटे फिरू न देणाऱ्या दातेरी चक्राची, जीभ बारीक चिमट्याने उचलावी आणि चावी हातातून अर्ध्या-अर्ध्या वळशाने मागे येऊ द्यावी. चावी सोडून जीभ उचलणे म्हणजे बोटे मोडून घेणे आहे.

> तपासा: चावी आता दोन्ही दिशांना किंचित हलते आणि तिला कसलाही ताण जाणवत नाही, याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नये.

स्प्रिंग तुटलेली नसेल तर ती बाहेर काढण्याची गरजच पडत नाही. यंत्राचे दोन पत्रे एकमेकांपासून सोडवण्याचा मोह होतो, विशेषतः घड्याळे दुरुस्त केलेल्यांना. पण सगळे अक्ष पुन्हा एकाच वेळी भोकांत बसवताना एखादा वाकतो, आणि वाकलेला अक्ष सरळ करणे हे घरगुती काम नव्हे.

टप्पा ५: यंत्र धुणे आणि तेल देणे

जुन्या गाड्या बिघडतात त्यापेक्षा चिकटतात जास्त. आपल्याकडे चिकटण्याचे कारण बहुधा एकच असते: कधीतरी आजोबांनी प्रेमाने घातलेले खोबरेल. थंडीत ते थिजते, वर्षानुवर्षांत ते चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. इतर खाद्यतेले तर त्याहून वाईट. गंज सोडवण्यासाठी दुकानात मिळणारे फवारेही वंगण म्हणून चालत नाहीत. त्यांतला द्रव उडून गेला की अक्ष पुन्हा कोरडाच राहतो.

बॉडी पूर्ण दूर ठेवून, फक्त उघडे यंत्र स्टीलच्या वाटीत मिनरल टर्पेंटाइनमध्ये अर्धा तास बुडवावे. ते रंगाच्या दुकानात मिळते. जुन्या टूथब्रशने दात आणि अक्ष घासावेत, चाके हाताने फिरवावीत, मळलेला द्रव ओतून पुन्हा ताजा घ्यावा. दुसऱ्या वेळी द्रव स्वच्छ राहिला की काम झाले. हे खिडकी उघडी ठेवून करावे आणि स्वयंपाकघरात तर मुळीच करू नये, कारण हा द्रव पेट घेतो.

यंत्र कागदावर एक दिवस सुकू द्यावे. मग प्रत्येक अक्षाच्या टोकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने, ठेवावा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये लिथियम ग्रीस पातळ थरात सरकवावे. चक्रांच्या दातांना तेल जवळजवळ नको आणि वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या घासणाऱ्या भागाला तर अजिबात नको; तो घर्षणावरच चालतो, आणि त्याला तेल लागले की इंजिन वळणावर उलटते.

> तपासा: चावीचे दोनच वळसे देऊन इंजिन हातात धरून चालवावे आणि ऐकावे. एकसारखी घरघर योग्य. एका फेऱ्यात एकदा येणारी टकटक म्हणजे दातात खडा किंवा तुटलेला दात. अशा वेळी थांबून पुन्हा धुवावे.

टप्पा ६: पत्र्याची सफाई

आता, आणि आताच, रंगाकडे वळावे. आधी मऊ, कोरड्या, चित्रकाराच्या ब्रशने धूळ झाडावी. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती न झाडता फडके फिरवले तर प्रत्येक हात पॉलिशकागदाचे काम करतो.

छापील पत्र्यावर पाण्याऐवजी शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी थोडा हात दिलेला कापूस फिरवावा. तो मळ उचलतो आणि ओरखड्यांतून दिसणाऱ्या उघड्या पत्र्यालाही गंजापासून वाचवतो. एनॅमल रंगावर पातळ साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेली कापसाची काडी चालते. एका वेळी नाण्याएवढीच जागा, लगेच कोरड्या कापसाने टिपावी आणि ट्रान्सफरच्या कडेवरून काडी आडवी फिरवू नये. दोन्ही प्रकारांत आधी पोटाकडच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. कापसावर धुळीचा काळा रंग यावा. लाल, हिरवा किंवा तपकिरी आला तर तत्क्षणी थांबावे.

> सावधान: स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढण्याचा द्रव, अमोनिया असलेली काच पुसण्याची औषधे आणि पितळ चमकवण्याची पॉलिशे यांपैकी काहीही रंगावर लावू नये.

या यादीतला नेलपॉलिशचा द्रव अनुभवाने आला आहे. एका मालडब्यावर सांडलेल्या वॉर्निशचा डाग काढताना मी त्याची ओली काडी टेकवली, आणि मोजून दहा सेकंदांत डागासकट एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे) ही तीन अक्षरे काडीवर आली. डबा अजून माझ्याकडे आहे. एका बाजूने तो एलएमएसचा आहे आणि दुसऱ्या बाजूने कोणत्याही रेल्वेचा नाही.

सफाईनंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा, म्हणजे संग्रहालये वापरतात त्या प्रकारच्या मेणाचा, पातळ हात द्यावा आणि दहा मिनिटांनी सुती कापडाने उजळावा. ट्रान्सफर सुटत असतील तर तिथे मेणही नको.

टप्पा ७: पोचे, गंज आणि कान

पोचा आतून दाबून काढावा, ठोकून नव्हे. बाहेरून चामड्याचा तुकडा टेकवून आतून गोलसर लाकडी दांडीने हळूहळू दाब द्यावा. पत्रा नव्वद टक्के सरळ झाला की सोडून द्यावे. उरलेल्या दहा टक्क्यांच्या हट्टापायी पत्रा ताणला जातो आणि छपाई तडकते.

गंजाबाबत नियम कठोर आहे. छपाईवरच्या गंजाला फक्त तेल लावून तो थांबवावा, काढू नये. गंज काळा करणारी आम्लाची रसायने छपाईलाही काळे करतात. स्टील वूल, तेही सर्वांत बारीक, केवळ रंग नसलेल्या भागांवर आणि तेलासह वापरावे.

पत्र्याचे कान दोन-तीनदा वाकवले की तुटतात, आणि या गाडीचे वय पाहता पहिला वाकवण्याचा हक्क कारखान्याने केव्हाच वापरला आहे. म्हणून कान पूर्ण उभा करू नये, भाग निसटण्यापुरताच उचलावा. तुटलाच तर डाग (सोल्डर) लावायला कल्हईवाल्याकडे किंवा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे देऊ नये: उष्णतेने आजूबाजूचा रंग जळतो आणि नवसागर किंवा आम्ल वापरले असेल तर काही महिन्यांत सांध्याभोवती गंजाचे वर्तुळ उमटते. आतून पातळ पत्र्याची पट्टी इपॉक्सीने चिकटवणे दिसायला कमी कारागिरीचे वाटते, पण त्यात रंग जळत नाही.

टप्पा ८: पुन्हा रंगवणे

मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी रंगवू नये. छापील पत्रा तर कधीच नाही. आधीच कोणीतरी रंगवलेली किंवा पूर्ण उघडी पडलेली एनॅमलची गाडीच यासाठी योग्य, आणि पुढे विकताना ती नव्याने रंगवली आहे हे लेखी सांगणे आवश्यक आहे.

> सावधान: जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. कोरडा रंग घासू नये, उडालेले पापुद्रे ओल्या कागदाने उचलावेत, मुखपट्टी लावावी, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना या गाड्या खेळायला देऊ नयेत.

टप्पा ९: रूळ आणि पहिली फेरी

रूळ आधी सरळ पाटावर मांडून व्हर्नियरने ३२ मिलिमीटरचे अंतर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना मोजावे. पायाखाली आलेला एक तुकडा संपूर्ण गाडी घसरवतो. सैल पिना लांब चोचीच्या पकडीने हलक्या दाबून घट्ट कराव्यात. वळणाची त्रिज्याही पाहावी: हॉर्नबीचे वळणाचे रूळ १ फूट आणि २ फूट त्रिज्येचेही आहेत, आणि चारापेक्षा जास्त चाकांची मोठी इंजिने १ फुटाच्या वळणावर चालत नाहीत. ती घसरली की लोक चाकांना दोष देतात.

रुळांच्या काही तुकड्यांवर गाडी थांबवण्याची कळ असते, जी इंजिनाच्या पोटाखालच्या लिव्हरला ढकलते. पहिल्या फेरीला तो तुकडा काढून ठेवावा. डबे न जोडता, निम्म्या चावीने, जमिनीवर उशा रचून गाडी सोडावी. तीन फेऱ्या नीट झाल्यावरच एकेक डबा जोडावा.

टप्पा १०: ठेवणे

स्प्रिंग नेहमी रिकामी करून ठेवावी. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवा इतकी ओलसर असते की उघडा पत्रा आठवड्यात रंग बदलतो, म्हणून गाडी बंद काचेच्या कपाटात सिलिका जेलसह ठेवावी आणि रंग बदललेले जेल ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरावे. प्लास्टिकच्या पिशवीत गाडी गुंडाळू नये, वर्तमानपत्रात नको, रबरबँड तर नकोच. त्यातल्या गंधकाने रंगावर काळी रेघ उमटते. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवायची सवय असेल तर ती या कपाटापुरती सोडावी.

मूळ खोका असेल तर तो गाडीइतकाच जपावा. त्यात कसर लागली आहे का ते जूनपूर्वी एकदा पाहावे, चिकटपट्टीने त्याचे कोपरे जोडू नयेत आणि गाडी आम्लरहित कागदात गुंडाळूनच त्यात ठेवावी. ऑक्टोबरात कपाट उघडून चाकांकडे भिंगाने एक नजर टाकावी आणि टप्पा २ मधल्या फोटोंशी ती ताडून पाहावी.